दिवसाउजेडीचे नाटक : विद्यापीठीय नाट्यशिक्षणाचा मागोवा

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहावयाचा म्हणजे स्थापनेची तिथी, आद्य चालकांची नामावळी, इमारतनिधीचा जमाखर्च आणि उत्तरोत्तर उत्कर्षाची सदिच्छा एवढा ऐवज क्रमाने मांडून मोकळे व्हावे, असा आपल्याकडे शिरस्ता पडून गेला आहे. परंतु ज्या संस्थेचा वृत्तांत येथे द्यावयाचा आहे ती, म्हणजे मुंबई विद्यापीठाची ‘अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स’, वयाने इतकी लहान आणि वंशावळीने इतकी लांब आहे की, जन्मतिथीपासून प्रारंभ केला तर इतिहासाचा मोठा भाग उंबरठ्याबाहेरच राहावयाचा. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला नाट्यकला हा स्वतंत्र अध्ययनाचा विषय म्हणून पदरात घेण्यास २००३ साल उजाडावे लागले. मधल्या १४६ वर्षांत किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आले, संगीत नाटक वैभवाच्या शिखरास पोहोचले आणि उताराला लागले, १९०५ साली नाट्यपरिषद स्थापन झाली, नाटक मंडळ्या उभ्या राहिल्या आणि कर्जात बुडाल्या. पण विद्यापीठाच्या दप्तरी नाटकाचे खाते काही उघडले गेले नाही. ज्या प्रांताने नाटकाचे वेड अभिमानाने मिरवले, त्याच प्रांताच्या आद्य विद्यापीठाकडून एवढा विलंब का व्हावा, हा प्रश्न स्थापनेच्या तिथीपेक्षा अधिक विचारणीय वाटतो.

हा मजकूर पोफळीस बसून लिहिला जात आहे, ही गोष्ट येथे अगदीच अप्रस्तुत नाही. रत्नागिरी जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत मोडतो, तेव्हा या गावच्या मुलामुलींना पदवीचा दाखला मिळावयाचा तो त्याच विद्यापीठाचा. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, सह्याद्रीच्या पोटात खोदलेल्या भूमिगत वीजगृहामुळे या गावाचे नाव महाराष्ट्रास ठाऊक झाले. कृष्णेची उपनदी म्हणून पूर्वेस वाहणाऱ्या कोयनेचे पाणी शिवसागर जलाशयात अडवून, बोगद्यांवाटे डोंगराच्या पश्चिमेस आणून, येथील जनित्रांवर सोडावे आणि तेच पाणी पुढे वाशिष्ठीच्या पात्रातून अरबी समुद्रास मिळावे, अशी ही योजना १९६२ पासून वीज देऊ लागली. पुढील टप्पे धरून तिची क्षमता १,९६० मेगावॅट इतकी झाली आहे. कोयनेच्या विजेचा विशेष असा की, मागणी चढली की जनित्रे तत्काळ चालू करता येतात. म्हणून राज्यात दिवेलागण होऊन विजेची ओढ वाढते त्या वेळी येथील पाळीवरच्या माणसांची लगबगही वाढते. नाटकाची वेळही नेमकी तीच! प्रकल्पाच्या वसाहतीत देशावरून, विदर्भातून आणि कोकणपट्टीतून आलेली माणसे एकत्र नांदली. अशा वसाहतींतून गणेशोत्सवासाठी आणि कर्मचाऱ्यांच्या स्पर्धांसाठी नाटक बसवताना पहिली अडचण संहितेची किंवा नटीची नसते. अमुक एकाची दुसरी पाळी कोण सांभाळील, ही तजवीज आधी करावी लागते आणि पात्रवाटप त्यानंतर.

वसाहतीच्या कितीतरी आधीपासून या परिसरात जे नाटक नांदत होते, त्याचाही काळ रात्रीचाच. शिमग्याला देवाची पालखी निघाली की खेळे, म्हणजे नमनाची मंडळी, निघतात. अंगणात मृदंगावर थाप पडून गण होतो, गवळण होते, राधेचे सोंग घेतलेला पुरुष लुगड्याचा पदर सावरीत नाचतो, आणि मग काळा पायघोळ वेष, डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी आणि कमरेस घुंगरांचा पट्टा अशा थाटात संकासुर अवतरतो, तेव्हा पुढच्या रांगेतील पोरे आईच्या कुशीत शिरतात. त्यानंतरचा वग कधी कधी उजाडेपर्यंत चालतो. भाद्रपदात जाखडीचे फेरे, शक्तिवाले आणि तुरेवाले यांचे सवालजवाब, तेही रात्रीच. गिरणगावात नोकरीस गेलेल्या चाकरमान्यांनी हीच रात्र आपल्याबरोबर मुंबईस नेली आणि परळच्या दामोदर नाट्यगृहात नमनाचे प्रयोग लावले. सारांश, आमच्याकडे नाटक हे भातलावणी उरकल्यावर, पाळी संपल्यावर, रजा मंजूर झाल्यावर, जेवणे आटोपल्यावर करावयाचे कृत्य आहे. दिवस हा पोटाचा आणि रात्र ही हौसेची, ही वाटणी कोणी लेखी केली नव्हती; तथापि तिची बजावणी चोख होत आली.

ही वाटणी एकट्या व्यावसायिक नाटक मंडळीने मोडली होती. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस, संस्थानिकांच्या आश्रयाने, ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हापासून पुढे पाऊणशे-ऐंशी वर्षे मराठी नटाचे शिक्षण झाले ते मंडळीच्या बिऱ्हाडी. तेथे पोरवयात दाखल झालेला मुलगा आधी पडदे ओढी, मग दासदासींची कामे करी आणि दैवाने गळा चांगला निघाला तर नायिका होई. त्या विद्यालयाचा आचार्य म्हणजे तालीममास्तर. गोविंद बल्लाळ देवलांनी शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी यांजकडून ‘झुंझारराव’ बसवून घेतला, त्या तालमींचा लौकिक पुढे अनेक वर्षे टिकून राहिला. शब्दोच्चार, विराम, दृष्टिक्षेप या साऱ्याचे त्यांचे शास्त्र होते. पण त्याचे पुस्तक नव्हते. मास्तर गेले की शास्त्रही गेले. मंडळ्या मोडल्यावर तर ही शाळाच बंद पडली. त्या शाळेत अन्यायही थोडे नव्हते, मारहाण होती, उपासमार होती, आणि स्त्रियांना तर दारच बंद होते. तरीही दिवसाचे सर्व प्रहर नाटकाला वाहिलेले असावेत ही गोष्ट महाराष्ट्रात प्रथम तेथेच घडली, हे श्रेय तिच्या नावावर जमा केलेच पाहिजे.

विद्यापीठाला नाटक ठाऊक नव्हते असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकातील महाविद्यालयांत शेक्सपिअरचा अभ्यास इतक्या निष्ठेने चाले की त्यातूनच भाषांतरांचे पीक आले, आणि वासुदेव बाळकृष्ण केळकरांसारख्या इंग्रजीच्या अध्यापकाच्या लेखणीतून उतरलेली ‘त्राटिका’ रंगभूमीवर गाजली. पुढे मराठी विषय एम.ए.ला आला, तेव्हा नाट्यवाङ्मय हा त्याचा एक भाग झाला. पण विद्यार्थी वाचीत ते छापील नाटक. कथानक, स्वभावचित्रण, संवाद, रस, ध्येयवाद असे पाच रकाने आखून नाटककाराला गुण द्यावयाचे, एवढे झाले की अध्ययन पुरे झाले. अंक पहिला, प्रवेश तिसरा येथे प्रकाश कोठून यावा, नटाने पाठ केव्हा फिरवावी, दाराची चौकट डाव्या विंगेकडे असावी की मध्यभागी, हे प्रश्न परीक्षेच्या कक्षेबाहेरचे होते. परीक्षकाला नाटक पाहावे लागत नसे, आणि विद्यार्थ्याला ते करावे लागत नसे.

या परिस्थितीचा एक परिणाम मोठा चमत्कारिक झाला, आणि त्याचे उदाहरण शोधण्यास चिपळूण तालुका सोडण्याचेही कारण नाही. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ मधील संभाजी म्हणून १९६२ नंतर ज्यांच्या नावावर प्रेक्षागारे भरत, ते काशीनाथ घाणेकर चिपळूणचे, आणि त्यांची पदवी दंतवैद्यकाची. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. ‘महानिर्वाण’ लिहिणारे सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे, तेही वैद्यकीय महाविद्यालयातच नोकरीस. मराठी रंगभूमीच्या एका अत्यंत तेजस्वी कालखंडाचा हा पट पाहिला की, नाट्यशिक्षण वैद्यकाच्या अभ्यासक्रमात अंतर्भूत होते की काय, अशी शंका परक्या माणसास यावी! खरे कारण साधे आहे. बुद्धिमान मुलाने वैद्यक किंवा स्थापत्य शिकावे, आणि नाटक हौस म्हणून संमेलनात करावे, याखेरीज दुसरा मार्गच विद्यापीठाने ठेवला नव्हता. लागूंनी चाळिशी ओलांडल्यावर, १९६९ च्या सुमारास, चालता व्यवसाय सोडून पूर्णवेळ नट होण्याचे ठरवले, त्याला त्या काळी धाडस म्हटले गेले. विद्यापीठात नाटकाचा विभाग असता तर कदाचित त्या धाडसाची वेळ वीस वर्षे आधीच येऊन गेली असती. अर्थात मग महाराष्ट्र एका निष्णात शल्यविशारदास मुकला असता, हेही खरे.

शिक्षणाची ही पोकळी स्पर्धांनी भरून काढली. १९५४ साली सुरू झालेली राज्य नाट्यस्पर्धा हौशी संस्थांना दर हिवाळ्यात नवे नाटक उभे करावयास लावी. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ पासून सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडकाने महाविद्यालयीन मुलांच्या कित्येक पिढ्या घडवल्या. आणि चतुरंग प्रतिष्ठानच्या ‘सवाई एकांकिका’ तर २५ जानेवारीच्या रात्री सुरू होऊन प्रजासत्ताकदिनाच्या पहाटे संपतात. येथेही रात्रच! मुंबई विद्यापीठाच्या युवक महोत्सवात रत्नागिरी जिल्ह्यातील महाविद्यालये एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय घेऊन उतरतात, त्याचा उपकार या भागातील कलावंत विसरणार नाहीत. परंतु स्पर्धा ही परीक्षा घेते, शिकवीत नाही. चाळीस मिनिटांत परीक्षकाला चकित करण्याची विद्या वेगळी आणि दोन तास प्रेक्षकाला बसवून ठेवण्याची वेगळी. पहिलीत पारंगत झालेली आमची मुले दुसरीत अडखळतात, याचे कारण त्यांच्या अंगी गुण कमी असतो असे नव्हे. पारितोषिक वितरण झाले की तालीम संपते आणि चूक दुरुस्त करावयास उद्याचा दिवस उरत नाही.

विद्यापीठाने नाटक शिकवावे ही कल्पना पश्चिम भारतात प्रथम मूर्त झाली ती बडोद्यास, १९५० साली. सयाजीरावांनी गायनशाळेला राजाश्रय दिलेल्या त्या नगरीत, महाराजांच्या नावाने नुकत्याच स्थापन झालेल्या विद्यापीठात, नाट्यविभाग निघाला, आणि गुजराती नाटककार चंद्रवदन मेहता यांचे त्यामागे मोठे साहाय्य होते. त्यानंतर १९५९ साली संगीत नाटक अकादमीने दिल्लीस राष्ट्रीय नाट्यविद्यालय काढले. १९६२ ते १९७७ इब्राहिम अल्काझी त्याचे संचालक होते. जन्माने पुण्याचे असलेल्या या गृहस्थाने तालमीस वेळेवर येणे, रंगमंच स्वतः झाडणे, वेषभूषेची नोंदवही ठेवणे या गोष्टींनाही अभिनयाइतकेच गुण दिले, आणि हौशी मराठी रंगकर्म्याला अपरिचित असलेली शिस्त त्या विद्यालयातून बाहेर पडलेल्या मराठी तरुणांनी महाराष्ट्रात आणली. पैकी कमलाकर सोनटक्के यांजकडे मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाची धुरा आली. १९५८ साली जन्मलेल्या त्या विद्यापीठाने, मुंबईच्या मानाने काल उगवलेल्या आणि साधनांनी तुटपुंज्या, नाटकाला स्वतंत्र विभाग द्यावा, आणि ज्येष्ठ विद्यापीठाने ते नुसते पाहत राहावे, यात योगायोगापेक्षा अधिक काही असावे. मुंबई-पुण्यास नाटकाची इतकी सवय होती की ते शिकवावे लागते असे कोणास वाटेना. औरंगाबादेस ती चैन परवडणारी नव्हती. बीड, परभणी, नांदेडच्या खेड्यांतून आलेल्या मुलांना तेथे प्रथमच कळले की, भारुड आणि गोंधळ पाहत आपण वाढलो, त्यालाही अभ्यासाचा दर्जा असू शकतो.

पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र १९८७ साली सुरू झाले. संगीत, नृत्य आणि नाट्य या तिन्ही कला एका छपराखाली, आणि शिकवण्याची रीत गुरुकुलाची, म्हणजे विद्यार्थ्याने कागदी अभ्यासक्रमाबरोबर प्रत्यक्ष कलावंताच्या हाताखालीही बसावे, ही त्याची मूळ योजना. १९९६ साली आळेकर वैद्यकीय महाविद्यालयातील नोकरी सोडून या केंद्राचे प्रमुख झाले आणि २००९ पर्यंत तेथे राहिले. प्रयोगशाळेतून नाट्यशाळेत असा हा बदलीचा हुकूम त्यांनी स्वतःच स्वतःवर बजावला म्हणावयास हरकत नाही. बारावीनंतर लगेच नाटकाची पदवी घेता यावी, ही सोय तेथे झाल्यामुळे घाटावरून आणि घाटाखालून मुले पुण्यास जाऊ लागली.

मुंबई विद्यापीठात संगीताचे केंद्र १९६८ पासून होते आणि अशोक रानडे यांच्यासारखा व्यासंगी पुरुष त्याचा पहिला संचालक होता. नाटकाला मात्र त्यानंतर पस्तीस वर्षे थांबावे लागले. २००३ साली अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स निघाली आणि तिचे संस्थापक-संचालक म्हणून वामन केंद्रे यांची नेमणूक झाली. केंद्रे बीड जिल्ह्यातले, शिक्षण औरंगाबादेस व पुढे दिल्लीस राष्ट्रीय नाट्यविद्यालयात. म्हणजे मराठवाड्याच्या धाकट्या विद्यापीठाने पेरलेले ज्येष्ठ विद्यापीठाच्या कलिना येथील आवारात उगवले. उत्तम बंडू तुपे यांच्या कादंबरीवरून चेतन दातार यांनी रूपांतर केलेले आणि १९८७ साली केंद्रे यांनी दिग्दर्शित केलेले ‘झुलवा’ हे जोगत्या-जोगतिणींच्या जीवनावरील नाटक ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हा मनुष्य लोकपरंपरेकडे शोभेची वस्तू म्हणून पाहत नाही, हे सांगावयास नको. २०१३ साली ते दिल्लीच्या विद्यालयाचे संचालक झाले. अकादमीचा अभ्यास पदव्युत्तर आहे. कोणत्याही शाखेचा पदवीधर तेथे प्रवेशासाठी उभा राहू शकतो, त्यामुळे वाणिज्याची पदवी घेतलेला आणि शास्त्राची पदवी घेतलेला शेजारी शेजारी एकाच फळीवर बसतात.

अशा विभागांतून दिवस कसा जातो हे पाहण्याजोगे असते. सकाळी शरीराचे व्यायाम, मग श्वासाचे आणि स्वराचे, मग भरताचे नाट्यशास्त्र, ग्रीक शोकांतिका, स्तानिस्लाव्हस्की, ब्रेख्त, तेंडुलकर, बादल सरकार यांवर व्याख्याने. दुपारी नेपथ्याचे मोजमाप, प्रकाशयोजनेचा नकाशा. आणि तालीम अंधार पडण्याची वाट न पाहता सुरू. खिडकीतून ऊन आत येत असते, अंगावर रोजचे कपडे असतात, तोंडाला रंग नसतो, आणि त्या उजेडात एखाद्या मुलीला अडीच ओळींचा एक संवाद पंधरा वेळा म्हणावयास लावतात. रात्रीच्या रंगमंचावर पेटीचा सूर, दिव्यांची झगमग आणि ओळखीच्या प्रेक्षकांच्या टाळ्या या सगळ्यांनी झाकून जाणारा दोष येथे झाकला जात नाही. आमच्या गावठी नाटकात विंगेत हातात वही घेऊन उभा राहणारा प्रॉम्प्टर हा खरा कर्णधार. येथे तो पहिल्या दिवशीच बडतर्फ होतो. विद्यापीठाने नाट्यकलेस नवे तत्त्वज्ञान दिले असे मला वाटत नाही. दिवस दिला, आणि तो पुष्कळ झाला.

यावर जुन्या रंगकर्म्यांचा आक्षेप असतो की, नट जन्मावा लागतो, तो वर्गात घडत नाही. आक्षेप ऐकावयास भारदस्त आहे, परंतु तो करणारे बहुतेक जण स्वतः कोणा ना कोणा तालीममास्तरापुढे वर्षानुवर्षे उभे राहिलेले असतात, हे ते सोयीस्कर विसरतात. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: पदवीनंतर काय? दूरचित्रवाणीच्या मालिकांनी काहींना काम दिले, आणि त्याच मालिकांनी चौदा-चौदा तासांच्या चित्रीकरणात शिकलेले सारे विसरावयासही लावले. अध्यापक व्हावे तर नेट किंवा सेट उत्तीर्ण झाल्यावरही पुष्कळांच्या वाट्यास तासिका तत्त्वावरील नेमणूक येते. विद्यापीठांनी विभाग उघडले, पण पदे मंजूर करून घेण्याची चिकाटी प्रत्येक वेळी दाखवली नाही, आणि शासनाच्या तरतुदीत नाटक नेहमीच शेवटच्या रकान्यात राहिले.

अकादमीच्या पाठोपाठ मुंबई विद्यापीठात लोककला अकादमीही सुरू झाली, डॉ. प्रकाश खांडगे आणि पुढे डॉ. गणेश चंदनशिवे यांनी ती सांभाळली. तमाशा, भारुड, गोंधळ, कीर्तन, दशावतार, नमन-खेळे यांचे विद्यापीठीय अध्ययन होऊ लागले, हा या इतिहासातील कोकणाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा फेरफार होय. मात्र या अध्ययनात एक धोका आहे, तो येथे नमूद करून ठेवतो. संकासुराचे सोंग वर्गात शिकवताना त्याची टोपी किती उंच आणि घुंगरू किती, हे सहज शिकवता येते. पण त्याला अंगणात येऊन गावच्या खोतावर किंवा सरपंचावर भर सभेत शेरा मारण्याची जी मुभा परंपरेने असते, ती मुभा अभ्यासक्रमात बसवणे कठीण. ती वगळून उरते ते नृत्य. विद्यापीठाने नमनाचे नृत्य उचलले आणि त्याची जीभ गावातच ठेवली, असे न व्हावे. त्यासाठी खेळ्यांचा मुखत्यार, ज्याला साऱ्या गवळणी तोंडपाठ आहेत आणि ज्याच्याजवळ शाळेचा दाखलाही नसेल, त्यास अध्यापक म्हणून मानधनावर बोलावण्याची तरतूद प्रत्येक सत्रात असली पाहिजे.

राहता राहिला पोफळीकडील विद्यार्थ्यांचा प्रश्न. १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्णपणे धावू लागल्यावर चिपळूणहून मुंबई हे पूर्वीच्या मानाने अंगणातले अंतर झाले, आणि घाट चढून कऱ्हाडमार्गे पुणे तर नेहमीचेच. बारावीनंतर पुणे, पदवीनंतर कलिना, असे दोन्ही रस्ते उघडे आहेत. निवड चाचणीस जाताना पाठ केलेली दोन स्वगते, एखादे गाणे, आणि आपण जन्मभर पाहिलेल्या खेळ्यांविषयी नीट बोलता येणे एवढी शिदोरी पुरते. अडचण परत येण्याची आहे. तालुक्यातील माध्यमिक शाळांत चित्रकलेच्या शिक्षकाची जागा असते, नाट्यशिक्षकाची नसते. त्यामुळे पदव्युत्तर पदवी घेऊन आलेला तरुण गावी परतला तर त्याला द्यावयास स्नेहसंमेलन बसवण्याच्या पंधरा दिवसांच्या कामाखेरीज आपल्याजवळ काही नाही, तेही शाळा सुटल्यावर, आणि मोबदला बहुधा नारळ व शाल.